तीन दरपत्रकं

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. एरवी तिच्या फोनची वाट ठरलेली असते. आधी गुडघे, मग भाजीचे भाव, मग सूनबाई. या वेळी मात्र एकदम मुद्द्यावरच आली. "ताई, तू मराठीची मास्तरीण. मला नगरपालिकेला एक अर्ज लिहून दे."

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. इकडे येऊन पन्नास वर्षं होऊन गेली. बहीण मात्र साताऱ्यातच राहिली, तेही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या चढाच्या बाजूला. साताऱ्यात राहिलेल्यांना सांगायला नको, तिथे घर सोडलं की एक तर चढायचं नाहीतर उतरायचं. तिच्या बोळात चौदा दगडी पायऱ्या आहेत. लहानपणी आम्ही त्या दोन-दोन ओलांडत उतरायचो. आता ती भिंतीला हात लावून उतरते. पण नवव्या पायरीला भिंत संपते आणि पुढच्या पाच पायऱ्यांना हाताला काहीच नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजी तिथेच घसरल्या आणि डावं मनगट मोडून घेतलं. तर त्या पाच पायऱ्यांना एक लोखंडी कठडा हवा, एवढंच मागणं.

मी अर्ज लिहिला. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." वगैरे सगळं. लिहून झाल्यावर स्वतःलाच शाबासकी दिली आणि तिला पाठवून दिला.

दोन दिवसांनी परत फोन. आवाजात उत्साह. "ताई, काम झालंच समज. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर ग्रिलचं काम करणारा आहे ना, तो म्हणाला, काकू तुम्ही नुसता अर्ज द्या. उद्या दरपत्रकं मागवली की तिन्ही मीच आणतो, काळजी करू नका."

मी फोनवर गप्पच झाले. तिला वाटलं रेंज गेली.

काय आहे, हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. जवळजवळ याच शब्दांत, १९८७ साली.

तेव्हा मी एका नगरपालिकेच्या शाळेत होते. यांची बदली झाली म्हणून आम्ही त्या गावी चार-पाच वर्षं राहिलो. ते गाव साताराही नव्हे आणि सांगलीही नव्हे. नाव सांगत नाही, कारण जे झालं ते गावाने केलेलं नाही. शाळेच्या खरेदी समितीत हेडसर, एक ज्येष्ठ गुरुजी आणि मी. समितीत एखादी बाई असावी म्हणून माझं नाव घातलेलं. त्या वर्षी खडू, डस्टर, दोन फळे आणि चाळीस बसकर पट्ट्या घ्यायच्या होत्या. नव्या पिढीसाठी सांगते, तेव्हा खालच्या वर्गांना बाक नसायचे. मुलं तागाच्या लांब पट्ट्यांवर ओळीने मांडी घालून बसायची.

मार्चची २९ तारीख. कारकून भाऊसाहेब फाइल घेऊन वर्गावरच आले. "बाई, तिन्ही दरपत्रकं मीच आणलीत, तुम्हाला काही बघायला नको. इथं सही करा."

तीन वेगळ्या गावांतल्या तीन दुकानांची छापील लेटरहेडं. एक निळं, एक लाल, एक काळं. दर वेगळे, दीड-दोन रुपयांच्या फरकाने. पण अक्षर? तिन्हींवर 'ट'ची शेपूट तशीच डावीकडे वळलेली. आणि तिन्हींवर 'बसकर पट्टि', ऱ्हस्व! वर्षभर मी पाचवीच्या पोरांचा त्या वेलांटीसाठी अर्धा अर्धा गुण कापत होते आणि इथे तीन गावांतले तीन दुकानदार एकच चूक एकाच शाईने करत होते.

मी ते पाहिलं. हे जरा ठासून सांगायचं आहे, कारण आजवर घरात हा किस्सा सांगताना मी "नंतर माझ्या लक्षात आलं" असं सांगत आले. माझ्या मुलांनीही तसाच ऐकलाय. नंतर नाही, तेव्हाच लक्षात आलं होतं. तरी सही केली.

का केली, तर भाऊसाहेब म्हणाले, "परवा ३१ तारीख. सही नाही झाली तर पैसे परत जातील आणि पोरं वर्षभर फरशीवर." हे खोटं नव्हतं हो! तरतूद त्या त्या वर्षाची असते, ३१ मार्चला खर्च पडला नाही की ती संपते. शिवाय हेडसरांची सही आधीच झालेली. आणि खरं सांगायचं तर मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. बदलून आलेली बाई, उगाच तीन-चार वर्षांसाठी कशाला वैर?

जूनमध्ये पट्ट्या आल्या. हातात धरून उजेडात पाहिलं तर पलीकडचा फळा दिसावा, इतकी विरळ वीण. रुंदी वीतभर. तक्रार कशाची करणार? ऑर्डरीत लिहिलं होतं 'बसकर पट्टी, तागाची, नग ४०'. आल्या त्या पट्ट्याच होत्या, तागाच्याच होत्या आणि मोजून चाळीस होत्या. रुंदी किती, लांबी किती, एका पट्टीचं वजन किती, हे कुणी लिहिलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत कडा उसवून त्यांच्या झिरमिळ्या झाल्या. सुटीनंतर एक मुलगी घरून खताचं रिकामं पोतं घडी करून घेऊन आली. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "बाई, पट्टीवर बसलं की फरशीच लागते."

दिवाळीत त्या पुरवठादाराकडून घरी कंदी पेढ्यांचा पुडा आला होता. मी साताऱ्याची. पुडा परत पाठवला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आम्ही ते खाल्ले.

लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नाही. निघणार कसा? तीन दरपत्रकं जोडलेली, तुलनात्मक तक्ता केलेला, सर्वांत कमी दर स्वीकारलेला, जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत चाळीस नगांची नोंद. कागद इतका नीटनेटका की त्याला दहापैकी दहा द्यावेत. पुढची चार वर्षं मुलं त्या पट्ट्यांवर बसली, मग त्यांचं निर्लेखन झालं.

आता कुणी म्हणेल, हा सगळा नियमांचा दोष. मला तसं वाटत नाही. खरेदी लहान असली तर तीन दरपत्रकं घ्यावीत, मोठी असली तर जाहीर निविदा काढावी, बयाणा रक्कम घ्यावी, तांत्रिक पाकीट आधी उघडावं आणि दराचं नंतर, यात वाईट काय आहे? सार्वजनिक पैसा आहे, कुणा एकाच्या मर्जीने जाऊ नये म्हणून शहाण्या माणसांनी घातलेली ही कुंपणं आहेत. फक्त ती गृहीत धरतात की तीन कागद म्हणजे तीन माणसं. पुढे ई-निविदा आल्या, लिफाफे संगणकावर उघडू लागले, २०१६ पासून केंद्र सरकारचं जेम नावाचं खरेदीचं संकेतस्थळही आलं. संगणकाला माणसापेक्षा कमी भीड असते, हे चांगलंच. पण 'बसकर पट्टी, तागाची' असं लिहून संगणकात घातलं तरी येणार वीतभरच!

निवृत्तीनंतर मला एक विचित्र नाद लागला, सांगलीचं अंदाजपत्रक वाचायचा. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महापालिका झाली तेव्हा मी नोकरीतच होते, वाचायला सवड नव्हती. आता आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडलं की मी पेपरातली पानं कापून ठेवते. रीत अशी की आयुक्त ते आधी स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत सोळा जण. ती फेरफार करते, मग ते महासभेपुढे जातं. कायदा १९४९ चा. त्यात कामांचे दोन भाग केलेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा हे बंधनकारक. माझ्या मुलाला हे सांगायला लागले की तो चहा करायला उठतो.

पण मला यात एक गोष्ट दिसते. पूर्वी गावाचा पैसा गावाच्या वेशीवर जमा व्हायचा. मिरजेच्या रस्त्याने येताना जकात नाक्यावर उभे ट्रकच्या ट्रक तुम्हालाही आठवत असतील. जकातीत गैर प्रकार व्हायचे, तेही खरं. पण ते पैसे गावाचे. मग जकात गेली, एलबीटी आला, त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, २०१५ च्या ऑगस्टपासून तोही बहुतेकांसाठी गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता घरपट्टी-पाणीपट्टी सोडली तर मोठा पैसा वरून येतो, आणि येतानाच कपाळावर लेखाशीर्ष लिहून येतो. हा पाणी योजनेचा, हा रस्त्याचा, हा वित्त आयोगाचा. ते योग्यही असेल. पण पाच पायऱ्यांच्या कठड्याला कुठलं लेखाशीर्ष? कोटींच्या योजनेला दार मोठं आणि दहा-पंधरा हजारांच्या कामाला खिडकीही शोधावी लागते, असं मला वाटतं. त्यात मध्ये काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. साताऱ्याची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, सांगलीची २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आणि दोन्हीकडे प्रशासक आले. नगरसेवक कसेही असोत, दारावर थाप मारून "अहो, आमच्या पायऱ्या..." एवढं तरी म्हणता यायचं.

गावाचा पैसा कशावर खर्च करायचा, हे भांडण काही आजचं नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. ते १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. मोठी मंडई बांधायलाही त्यांचा असाच विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं, ही गंमत वेगळीच. आणि हे जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारे, बरं का! चुना किती, खडी किती, पैसा कुठे मुरतो, हे त्यांना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. मला त्यांची आठवण येते ती त्या एकट्या हाताची. माझ्यापुढे तर लॉर्ड लिटन नव्हता, एक कारकून होता.

लोकांना विचारून खर्च ठरवायची पद्धतही आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये ती सुरू केली. लोक वस्तीवस्तीत सभा घेऊन आधी काय आणि नंतर काय ते ठरवतात. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येई. कोथरूडला माझी भाची आहे, ती दर वर्षी फॉर्म भरते. एकदा तिने बसथांब्यावर सावली मागितली होती. मिळाली का विचारलं तर म्हणाली, "आत्या, निदान विचारतात तरी."

विचारण्याची किंमत आम्हाला सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून अंदाज करा. गावभागातली आमची नात्यातली नऊ माणसं आमच्याकडे राहायला होती. महाराष्ट्रभरातून मदत आली, त्याबद्दल जन्मभर ऋणी आहोत. पण बिस्किटांचे पुडे आणि जुन्या साड्या यांचे ढीग लागले, आणि पाणी ओसरल्यावर ज्याला त्याला हवे होते खराटे, फिनेल आणि हातमोजे. पाठवणाऱ्यांची माया खरी होती, फक्त कुणी फोन करून विचारलं नव्हतं.

असो. तर बहिणीला मी म्हटलं, "त्याला सांग, तिन्ही तू आणायची नाहीत."

ती चिडलीच. "ताई, तो चांगला माणूस आहे. स्वस्तात करून देईल. तुझ्या तत्त्वापायी आजींचं दुसरं मनगट मोडायचं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीटसं नाही. भाऊसाहेबसुद्धा "पोरं फरशीवर बसतील" असंच म्हणाले होते ना! दोन दिवस विचार केला आणि सकाळची एसटी धरली. पेठ नाका, कराड, सातारा. पाठीचे हाल झाले.

आधी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं कुणी बेरकी गृहस्थ असेल. तर तिशीतला मुलगा, डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा, आम्हाला पाहून पटकन स्टूल पुसून दिलं. मी त्याला सरळ १९८७ ची गोष्ट सांगितली, पेढ्यांसकट. तो हसला. "बाई, सगळे असंच करतात. मी नाही केलं तर दुसरा करंल." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण पट्टी कसली पाहिजे ते लिवायला पाहिजे हुतं की तुम्ही. तुमच्या अर्जात पाइप कुठला लिवलाय?"

मी अर्ज काढला. लिहिलं होतं, 'लोखंडी कठडा बसवून मिळावा'.

मराठी विषय, बी.ए., छत्तीस वर्षांची नोकरी, आणि परत 'पट्टी, तागाची'!

पुढचा तास त्या मुलाने माझी शिकवणी घेतली. पाइपात ए, बी आणि सी असे तीन क्लास असतात. ए हलका, सी जड. नुसतं 'पाइप' लिहिलं तर ए क्लास लागणार आणि आमच्याकडच्या पावसात लवकर सडणार. बी लिहा. जाडी दीड इंची, कारण त्याहून जाड पाइप म्हाताऱ्या मुठीत मावत नाही. खांब दगडाला नुसते टेकवून चालत नाहीत, भोक पाडून काँक्रीटमध्ये पुरावे लागतात, किती खोल तेही लिहा. आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंटचे दोन हात. टोकं उघडी ठेवायची नाहीत, पदर अडकतो. शेवटी म्हणाला, "आसं लिवलं तर स्वस्तात न्हाय बसायचं, आधीच सांगतो. पण हलणार न्हाय."

तिथून आजींकडे गेलो. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं पण बोटं अजून मिटत नव्हती. त्यांना म्हटलं, आजी, कठडा कुठल्या बाजूला हवा? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "उतरताना उजवीकडं. डाव्या हातात आता जोर नाही माझ्या. आणि खालच्या पायरीच्या पुढं हातभर न्या, शेवटच्या पायरीलाच तोल जातो." बहिणीने अर्जात डावी बाजू सांगितली होती, कारण डावीकडे तिची भिंत आहे.

अर्ज मी आजींच्या ओट्यावर बसून नव्याने लिहिला. या वेळी दोन पानं झाली. बहीण म्हणाली, एवढं कोण वाचणार? मी म्हटलं, शेवटी एक ओळ घालते, काम झाल्यावर मोजमाप पाहायला गल्लीतल्या दोघांना बोलवावं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर नुसते कागदच नाही, वापरलेल्या साहित्याचा नमुनासुद्धा मागता येतो, २००५ चा कायदा आहे. हे मला कळलं तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर त्या पट्ट्या आठवल्या. पोतं आणणाऱ्या मुलीच्या बापाने तेव्हा पट्टीचा तुकडा मागितला असता तर? त्या नोंदवहीत माझी सही होती.

साताऱ्याची नगरपालिका १८५३ सालची, म्हणजे माझ्या पणजोबांच्याही आधीची. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी दोन्ही पानं वाचली, 'उतरताना उजवीकडे' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, आधी इंजिनीअर जागा पाहतील, मग अंदाजपत्रक, मग कुठल्या शीर्षात बसतं ते पाहावं लागेल, मग दरपत्रकं. वेळ लागेल, बाई. मी म्हटलं, लागू दे. त्यांनी आवक क्रमांक टाकून शिक्का मारून दिला.

बाहेर पडल्यावर बहीण बोलत नव्हती. कोपऱ्यावर तो मुलगा वेल्डिंग करत होता, त्याने हात वर केला. दरपत्रक तोही भरणार आहे म्हणाला, पण एकच. बोळाशी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. उजेड कमी होता. पाच पायऱ्या चढायच्या होत्या, मग भिंत. तिने न बोलता माझा हात धरला आणि दर पायरीला आकडा मोजत आम्ही वर गेलो.